घोरपडीचं पिल्लू पाळायचंय? आधी हे वाचा!

मुलांनो, घोरपड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना सिंहगड आठवेल. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ती दंतकथा आहे, पण त्यामुळे घोरपड घराघरात पोचली. शेताच्या जवळ राहणाऱ्यांनी तर ती बांधावरून सरसर जाताना पाहिलीही असेल.

आमच्या शाळेत मात्र ती चक्क बुटांच्या खोक्यातून आली!

जून महिना संपत आला होता. पहिला पाऊस पडून गेला होता. चौथीतला एक मुलगा छातीशी खोका धरून वर्गात शिरला. खोक्यात वीतभर लांबीचं पिल्लू होतं. अंगावर पिवळसर ठिपके, कमरेला सुतळी. बाजूला पोळीचा तुकडा आणि दुधाची वाटी.

“बाई, ओढ्याकाठी सापडलं. तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी लई फुसफुसत होतं, आता बघा कसं गप पडलंय. हात फिरवला तरी पळत नाही. माणसाळलं!”

सगळा वर्ग कौतुकानं बघत होता. माझ्या पोटात मात्र गोळा आला. कारण “माणसाळलं” हा शब्द मी आधी ऐकला होता.

मी सहावीत असताना दादानं असंच एक पिल्लू आणलं होतं. आम्ही ते गोठ्यात पत्र्याच्या पिंपात ठेवलं. दूध दिलं, भाकरी कुस्करून दिली. चार दिवसांनी ते हातावर शांत बसू लागलं, तेव्हा आम्ही गल्लीभर मिरवलो. नवव्या दिवशी सकाळी ते मेलेलं होतं. आमच्या हातून काय चुकलं, ते कळायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

घर केवढं हवं?

घोरपड शीतरक्ताची आहे. आपल्या शरीरात जशी सतत ऊब तयार होते, तशी तिच्यात होत नाही. ती ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून घेते. सकाळी ऊन शेकायचं, अंग तापलं की शिकारीला निघायचं, फार तापलं तर बिळात किंवा सावलीत जायचं, असा तिचा दिनक्रम. अंग तापलं नाही तर पळता येत नाही, आणि खाल्लेलं पचतही नाही.

परदेशात काही ठिकाणी आफ्रिकेतली सवाना घोरपड पाळतात. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो अशा देशांतून तिची पिल्लं अमेरिकेत विकायला जातात. त्या एका घोरपडीसाठी जाणकार काय सांगतात, ऐका. पिंजरा किमान ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच. आत बीळ खणता येईल अशी दोन फूट ओलसर माती. एका टोकाला दिव्याखाली शेकायची जागा, आणि तिथला दगड ५० अंश सेल्सियसच्याही वर तापलेला! दुसरं टोक मात्र २५ अंशांच्या आसपास, म्हणजे नको तेव्हा गार जागी जाता येईल. शिवाय उन्हातले अतिनील किरण देणारे खास दिवे. एवढा खटाटोप करूनही त्यांतली पुष्कळ पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात.

आपली घोरपड तर वाढून शेपटीसकट पाच फुटांपर्यंत जाते, क्वचित त्याहूनही लांब. आता आमचं गोठ्यातलं पिंप आठवा. सावली, गार पत्रा, खणायला मूठभर मातीही नाही. पिल्लाचं अंग तापणार कसं?

खायला काय?

दूध? नाही. पोळी, भात, भाकरी? तेही नाही. घोरपड मांसाहारी आहे. पिल्लं मुख्यतः भुंगे, नाकतोडे, अळ्या असे किडे खातात. मोठी झाल्यावर खेकडे, गोगलगाई, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरंही खातात. दिवसभर ती हिंडते, दुभागलेली जीभ सारखी आतबाहेर करते. ही जीभ हवेतला आणि जमिनीवरचा वास टिपून टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवते. पानाखाली दडलेला किडा ती अशी हुडकते.

पिंजऱ्यातल्या घोरपडीला किड्यांबरोबर कॅल्शियमची पूड द्यावी लागते. कॅल्शियम किंवा योग्य प्रकाश कमी पडला तर हाडं मऊ होतात, पाय वाकतात. नुसते उंदीर आणि अंडी चारली, तर हिंडणं-फिरणं नसल्यानं अंगावर चरबी साचते. रानात हा हिशेब तिचा तीच सांभाळते. आपण वाटी पुढं ठेवून तो सांभाळू शकत नाही.

माणसाळते का?

आता मुख्य प्रश्न. कुत्र्याला आपली माया लागते. हजारो वर्षं तो माणसाबरोबर राहिला आहे. घोरपडीचं तसं नाही. तिला पकडलं की आधी ती सुटायची धडपड करते. गळा फुगवते, फुसफुसते, शेपटीचा फटका मारते, नख्यांनी ओरबाडते, चावतेसुद्धा. यातल्या कशाचाच उपयोग होत नाही असं दिसलं, की ती निपचित पडते. त्यात उपाशी आणि अंग गार पडलेलं, मग पळायला त्राण तरी कुठून येणार?

आम्हाला वाटलं, ती आमची झाली. खरं म्हणजे ती संपत चालली होती.

परदेशातले अनुभवी पाळणारेही घोरपडीला धरून, दाबून ‘शिकवत’ नाहीत. रोज ठरल्या वेळी शांत बसतात, हात लांब ठेवतात, ती आपणहून जवळ येईपर्यंत महिनोन् महिने वाट पाहतात. एवढं करूनही काय मिळतं? ‘हा माणूस मला खाणार नाही’ एवढी ओळख. सुतळी बांधून तर तेवढीही होत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात घोरपड पाळणं, पकडणं, मारणं, विकणं हे सगळं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. वाघाचंही नाव त्याच यादीत! गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षं तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो.

मग त्या पिल्लाचं काय झालं? मी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दुपारी वनरक्षक आले. त्यांनी मुलाला रागावलं नाही. सुतळी हलक्या हातानं कापली. कमरेवर तिचा वळ उठला होता. जिथं सापडलं होतं, त्याच ओढ्याकाठी आम्ही सगळे गेलो. पिल्लू उन्हातल्या दगडावर ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. अर्ध्या तासानं जीभ बाहेर आली, आत गेली. मग एकदम उठलं आणि बाभळीच्या खोडावर चढलं. पिल्लं झाडावर चांगली चढतात. वर्गानं टाळ्या पिटल्या. तो मुलगा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तुम्ही काय कराल?

* घोरपड किंवा पिल्लू दिसलं तर दहा-पंधरा पावलं लांब उभे राहा. वाट अडवू नका, दगड मारू नका.
* घरात शिरली तर दार उघडं ठेवा, लहान भावंडांना आणि कुत्र्याला दूर न्या, मोठ्यांना हाक मारा. जखमी असेल तर मोठ्यांकरवी १९२६ वर कळवा. स्वतः हात लावू नका.
* वारुळात किंवा बिळात अंडी दिसली तर उकरू नका.
* एक वही करा. तारीख, वेळ, ऊन की ढग, घोरपड काय करत होती, किती वेळ थांबली, हे लिहा. सकाळच्या उन्हात ती दिसण्याची शक्यता जास्त.

पालकांसाठी दोन शब्द

रंगीत ठिपक्यांच्या पिल्लाला काही भागांत ‘चंदन घोरपड’ म्हणतात आणि ती महाविषारी समजून मारतात. ती वेगळी जात नसते, आपल्याच घोरपडीचं पिल्लू असतं. घोरपडीला नागासारखे विषाचे दात नसतात. पण चावा खोल बसतो, जखम चिघळू शकते, म्हणून चावल्यास जखम साबणानं धुवून डॉक्टरांकडे जावं. तिच्या तेलानं सांधेदुखी बरी होते, या समजालाही आधार नाही. मुलानं पिल्लू घरी आणलं तर त्याला मारू नका. कुतूहल चांगलंच आहे, त्याला फक्त वही द्या.

आमच्या त्या मुलालाही मी वही दिली होती. पहिले दोन महिने ती कोरीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली. आत अकरा नोंदी होत्या. शेवटची अशी: “सकाळी नऊ. कडक ऊन. बांधावर घोरपड. मला बघितलं. पळाली नाही. मी पण हललो नाही.”

“बाई, तीच होती,” तो म्हणाला.

ती तीच होती की दुसरी, हे मी काही विचारलं नाही.