भिंत रंग कधी मागते?

मार्च महिना उजाडला की वस्तीतल्या घराघरांत एकच विषय निघतो. यंदा जयंतीला रंग काढायचा की नाही? शेजारच्यांनी काढला, मग आपणही काढला पाहिजे. मुलाचे लग्न ठरले, काढा रंग. पाहुणे यायचे आहेत, निदान एक हात तरी मारून घ्या. घर नीटनेटके दिसावे ही हौस चांगलीच आहे, तिला आम्ही नावे ठेवत नाही. परंतु या गडबडीत भिंतीला कोणी विचारत नाही. कित्येकदा तिला रंगाची गरज नसते, आणि कित्येकदा ती रंगाआधी दुसरेच काही मागत असते. हे आम्ही पैसे घालवून शिकलो आहोत.

आमचे घर तळमजल्यावरचे, दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीची एक भिंत दर पावसाळ्यानंतर फुगायची. एका वर्षी अशोक विजयादशमीच्या आठ दिवस आधी आम्ही तिला डिस्टेंपर काढला. दिवाळी संपते न संपते तोच पोपडे सुटले. दुसऱ्या वर्षी लांबी भरून भारीतला इमल्शन लावला, त्याला फोड आले. तिसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितले, ऑइलपेंट मारा, ओल बाहेरच येणार नाही. तो तर कातड्यासारखा सुटून लोंबू लागला. तीन वर्षांत तीन रंग झाले, त्यातला एक पतपेढीच्या कर्जातून.

त्याच भिंतीवर आमच्या वडिलांचा फोटो होता. रेल्वेच्या कारखान्यात कामाला असतानाचा, घरातला त्यांचा तेवढा एकच. चौथ्या वर्षी तो खाली उतरवला तेव्हा फोटो ओलीने काचेला चिकटला होता. काच सोडवताना अर्धा चेहरा काचेबरोबर गेला. मग मात्र आम्ही रंगाच्या दुकानात न जाता भिंतीच्या मागच्या बाजूला गेलो. वरच्या मजल्याच्या मोरीचा पाइप सांध्यात फुटला होता आणि त्याचे पाणी थेंबथेंब भिंतीत मुरत होते. तो बदलायला जो खर्च आला तो एका रंगकामाच्या चौथाईसुद्धा नव्हता.

म्हणून भगिनींनो, रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंत स्वतः पाहा. जयंतीच्या साफसफाईत बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर आपण पुसायला खाली उतरवतो. तिच्या मागे भिंतीचा मूळ रंग चौकोनासारखा दिसतो आणि बाकीची भिंत एकदम मळकी वाटू लागते. तेवढ्यावरून घाबरू नये. रंग उडाला, फिका पडला, म्हणजे तो संपला असे नाही. पण त्याच वेळी तसबिरीची मागची बाजू पाहावी. तिथला पुठ्ठा सादळलेला असेल, त्यावर काळे ठिपके असतील, तर त्या भिंतीत ओल आहे असे समजावे.

रंग खरोखर संपला आहे का, हे तळहात सांगतो. भिंतीवर कोरडा हात जोराने फिरवा. चुन्याची भिंत थोडी पूड देतेच, तिचे सोडून द्या. परंतु डिस्टेंपर किंवा इमल्शनच्या भिंतीने हात पांढरा केला तर त्यातला धरून ठेवणारा पदार्थ मेला आहे. अशा भुकटीवर नवा रंग दिला तर तो भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासकट खाली येतो. आधी घासकाम, मग अस्तर, मग रंग. दुसरी एक सोपी परीक्षा आहे. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर घट्ट दाबून एका झटक्यात ओढावा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर जुना रंग खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये. या दोन्हींत भिंत उत्तीर्ण झाली आणि नुसते तेलकट डाग, मुलांच्या पेन्सिलीच्या रेघा असल्या, तर इमल्शनची भिंत साबणाच्या पाण्याने पुसून निघते. तेवढेच करून पैसे मुलांच्या फीसाठी ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिस्टेंपर मात्र हलक्या हाताने पुसावा, जोर लावला तर तो निघून येतो.

ओलीची परीक्षा थोडी सवडीची आहे. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दोन दिवस तसेच ठेवावे. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो स्वयंपाकाचा, आंघोळीचा कोंडलेला वाफारा आहे. त्याला खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय. ओल जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंतच असेल तर ती बहुधा पायातून वर चढते. छताजवळ असेल तर गच्ची पाहा, मध्येच असेल तर पाइप पाहा. भिंतीवर पांढरे मिठासारखे फूल आले असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर तो कोरड्या ब्रशनेच झाडावा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून परत भिंतीतच शिरतो. आम्ही तोही दोनदा धुतला होता!

आता वेळेविषयी. मुंबई-कोकणाकडे पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. बाहेरून कोरडी दिसणारी भिंत आतून कित्येक आठवडे ओली राहते. विजयादशमीच्या आधी घाईने काढलेला रंग म्हणूनच फसतो. एप्रिलपर्यंत भिंतीला चार-पाच महिन्यांचे ऊन मिळालेले असते, तेव्हा जयंतीआधी रंग काढण्याची आपली रीत भिंतीच्याही सोयीची आहे. एक लक्षात ठेवावे. चुना आणि सिमेंट रंग लावताना भिंत आधी पाण्याने भिजवून घ्यावी लागते, इतर रंगांना ती कोरडीच हवी. विदर्भातल्या उन्हात हे काम सकाळी, सावलीच्या बाजूने करावे.

भेगांकडे मात्र डोळेझाक करू नये. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा येतात, त्यांचे काही वाटून घेण्याचे कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर रंगाऱ्याऐवजी इंजिनीअरला बोलवावे. छताला सरळ रेषेत तडा गेला असेल आणि त्यातून तपकिरी ओघळ येत असेल तर आतली सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचा थर ढकलून पाडतो. त्यावर लांबी आणि रंग दिला की धोका नुसता दिसेनासा होतो. खाली अंथरूण घालून मुले झोपतात, हे विसरू नये. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच करावी लागते. सोसायटीच्या बैठकीत तिचा अहवाल मागायला संकोच कसला?

लाकूड आणि लोखंड भिंतीसारखी वाट पाहत नाहीत. दाराच्या खालच्या कडेला लाकूड उघडे पडले की ते पाणी पिते आणि दार अडू लागते. खिडकीच्या गजांना गंजाचा ठिपका दिसला की त्याच आठवड्यात पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड लावावा. सगळ्या घराचा मुहूर्त निघेपर्यंत थांबले तर गज आतून खाल्ला जातो.

जुने दार घासताना आणखी एक काळजी. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमच्या वर नसावे, असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे थर कित्येक दारांवर अजून आहेत. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. मुलांना आणि गरोदर सुनेला-लेकीला त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवावे, आणि निघालेले पोपडे ओल्या फडक्याने गोळा करावेत. रंगाऱ्याच्या तोंडालाही फडके हवे. तोही कोणाचा तरी बाप असतो.

पाइप बदलल्यावर आम्ही ती भिंत खरवडून एक अख्खा उन्हाळा उघडीच ठेवली. आलेगेले विचारायचे, जयंतीला एवढीच भिंत अशी का ठेवली? पुढच्या मार्चला प्लॅस्टिकचा कागद लावून पाहिला, तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला, तेव्हा तिला साधा डिस्टेंपर दिला. तो अजून टिकून आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओत जेवढा सावरला तेवढा सावरून घेतला. आता तो समोरच्या भिंतीवर असतो, मागे बुचाचे दोन तुकडे लावून, भिंतीपासून अर्धा इंच दूर.