चंद्रावरचा वारसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पारगड, कलानिधीगड, महिपालगड, गंधर्वगड. चंदगड तालुक्यात वारसा म्हटलं की ही नावं ओठांवर येतात. तट, पायऱ्या, देऊळ असं हाताला लागणारं काही असलं की त्याला आपण वारसा मानतो. पण 1959 मध्ये सोव्हिएत रशियाचं ‘लूना 2’ चंद्रावर आदळलं आणि माणसाच्या खुणा पृथ्वीबाहेरही उमटू लागल्या. आता तिथे अनेक देशांची आणि खासगी कंपन्यांचीही यानं उतरू लागली आहेत. त्यामुळे या खुणा जपायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला आहे. त्याविषयीचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : चंद्रावरचा वारसा अमेरिका-रशियाचा. आपलं तिथे काय आहे?

वस्तुस्थिती : बरंच आहे. 14 नोव्हेंबर 2008 रोजी ‘चांद्रयान-1’ने सोडलेलं, तिरंगा रंगवलेलं उपकरण दक्षिण ध्रुवाजवळ आदळलं. ती जागा ‘जवाहर स्थळ’. 2019 मध्ये ‘चांद्रयान-2’चा लँडर जिथे कोसळला, तो ‘तिरंगा पॉइंट’. 23 ऑगस्ट 2023 रोजी ‘चांद्रयान-3’चा विक्रम लँडर अलगद उतरला, ती ‘शिवशक्ती’. या शेवटच्या नावाला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मार्च 2024 मध्ये मान्यता दिली. विक्रम आजही तिथेच उभा आहे आणि शंभर मीटरहून अधिक फिरलेल्या प्रज्ञान रोव्हरच्या चाकोऱ्याही तिथेच आहेत.

गैरसमज : तिथे वारा नाही, पाऊस नाही. मग जपायचं कशापासून?

वस्तुस्थिती : माणसापासूनच. वारा-पाऊस नसल्याने बुटांचे ठसे लाखो वर्षं टिकू शकतात, हे खरं. पण यान उतरताना इंजिनाच्या झोताने धूळ उडते. तिला अडवायला हवा नसते, त्यामुळे ती फार दूरवर आणि प्रचंड वेगाने जाते. याचा पुरावा 1969 मध्येच मिळाला. ‘सर्व्हेयर 3’ हे यान 1967 पासून चंद्रावर उभं होतं. नोव्हेंबर 1969 मध्ये ‘अपोलो 12’ त्याच्यापासून जेमतेम दीडेकशे मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचा कॅमेरा काढून पृथ्वीवर आणला. तपासणीत दिसलं, की अपोलोच्या बाजूचा पृष्ठभाग धुळीच्या माऱ्याने खरवडून निघाला होता. जो भाग एखाद्या सुट्या भागाच्या आडोशाला होता, तिथे त्या आडोशाची आकृती गडद उरली होती. ‘अपोलो 11’चा झेंडा तर त्याच मोहिमेचं यान परत उड्डाण करताना झोताने आडवा झाला.

गैरसमज : चंद्रावर टाकून दिलेली वस्तू बेवारस, जो उचलेल त्याची.

वस्तुस्थिती : 1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या कलमानुसार, अवकाशात पाठवलेल्या वस्तूची मालकी ती तिथे पडून आहे म्हणून बदलत नाही. बंद पडलेला विक्रमही भारताचाच. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रशियाची ‘लूनोखोद 2’ ही चांद्रगाडी एका खासगी ग्राहकाने विकत घेतली. गाडी चंद्रावरच राहिली, मालक मात्र बदलला.

गैरसमज : झेंडा रोवला किंवा नाव दिलं, की जागा त्या देशाची.

वस्तुस्थिती : त्याच कराराचं दुसरं कलम चंद्राच्या कोणत्याही भागावर कोणत्याही देशाला सार्वभौमत्वाचा हक्क सांगू देत नाही. खरी अडचण इथेच आहे. यान आपलं, पण ते ज्या मातीवर उभं आहे ती कोणाचीच नाही. मग त्या मातीतला ठसा राखायचा कोणी?

गैरसमज : युनेस्कोच्या यादीत घातलं की काम झालं.

वस्तुस्थिती : जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यात आपल्या जिल्ह्याचा पन्हाळा आहे, पारगड नाही. पण पारगडाचं नाव उद्या सुचवता तरी येईल, कारण तो भारताच्या भूमीवर आहे. 1972 च्या वारसा करारानुसार स्थळाचं नाव ते ज्या देशाच्या हद्दीत आहे, त्यानेच सुचवायचं असतं. चंद्र कोणाच्याच हद्दीत नाही, म्हणून ही वाट बंद आहे. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या खासगी संस्थेने 2025 च्या धोक्यातील स्थळांच्या यादीत चंद्राचा समावेश केला, पण त्याने लक्ष वेधलं जातं, कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

गैरसमज : मग नियमच नाहीत, रान मोकळं आहे.

वस्तुस्थिती : नियम आहेत, पण अपुरे. नासाने 2011 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : ‘अपोलो 11’च्या जागेभोवती 75 मीटर आणि ‘अपोलो 17’च्या जागेभोवती 225 मीटर परिसरात शिरू नये, नवं यान दोन किलोमीटर दूर उतरवावं. अमेरिकेने 2020 मध्ये कायदा केला, पण तो नासासोबत काम करणाऱ्यांपुरताच आहे. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात अवकाशातला वारसा जपण्याचं स्वतंत्र कलम आहे आणि भारताने त्यावर 21 जून 2023 रोजी सही केली. मात्र तो कायदेशीर बंधन घालत नाही, आणि रशिया-चीन त्यात नाहीत.

थोडक्यात, आजचा कायदा वस्तूचा मालक सांगतो, पण जागेला राखणदार देत नाही. भारताने शिवशक्तीभोवती किती अंतर राखावं हे स्वतः जाहीर करावं, इतरांच्या स्थळांबाबतही तोच नियम पाळावा आणि संयुक्त राष्ट्रांत सर्वांना बांधील करणाऱ्या कराराचा आग्रह धरावा. गर्दी झाल्यावर कुंपण घालण्यात अर्थ नसतो. ते आताच घालायला हवं.