काचेतला शत्रू

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक सुरू झाली. बघते तर लालबुड्या बुलबुल! काचेवर झेप घ्यायचा, चोच मारायचा, क्षणभर गजावर टेकायचा, की पुन्हा झेप.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पाखरू असं दार ठोठावतं ते काही चांगलं लक्षण नाही.’ नातवंडांना मात्र गंमत वाटली. खरं सांगायचं तर मलाही. पण तिसऱ्या दिवशी काचेवर रक्ताचा बारीकसा ठिपका दिसला आणि माझं हसू मावळलं.

यात अपशकुन नाही आणि वेडेपणाही नाही. उन्हाळा म्हणजे बुलबुलांच्या विणीचा हंगाम. घरट्यासाठी एकदा जागा निवडली, की जोडी दुसऱ्या बुलबुलाला तिथे फिरकू देत नाही. बाहेर लख्ख उजेड आणि घरात अंधार असला, की काचेचा आरसा होतो. त्यातलं प्रतिबिंब आपलंच आहे, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. खरा प्रतिस्पर्धी दोन वेळा धमकावलं की निघून जातो. हा मात्र जेवढ्या त्वेषानं अंगावर जावं, तेवढ्याच त्वेषानं उलट अंगावर येतो. मग भांडण मिटणार कसं?

आरशात स्वतःला ओळखणं पक्ष्यांना सोपं नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्याखाली रंगीत ठिपका चिकटवला. आरशात पाहून त्यांतल्या काहींनी तो काढायचा प्रयत्न केला, त्याचं केवढं अप्रूप वाटलं! आपले दयाळ आणि शिंजीर मोटारीच्या आरशाशी झुंजताना तुम्हीही पाहिले असतील.

मी आधी आतून गडद पडदा लावला. झालं उलटंच! मागे अंधार झाल्यानं प्रतिबिंब आणखी ठसठशीत दिसू लागलं. मग काचेला बाहेरच्या बाजूनं जुनी वर्तमानपत्रं चिकटवली आणि त्याच दिवशी टकटक थांबली. तुमच्याकडे असं झालं, तर झाकायचं ते बाहेरून. मोटार उभी करताना आरशावर कापडी पिशवी चढवली तरी पुरे.

आठवड्यानं खिडकीजवळच्या तगरीत घरटं दिसलं. आत तीन अंडी होती. पिल्लं उडून जाईपर्यंत, जवळजवळ महिनाभर, मी भरदिवसा दिवा लावून स्वयंपाक केला. काकू रोज विचारायच्या, ‘उडाली का गं?’