टेनिसमधील कामगिरी, शक्तिप्रशिक्षण आणि पूरक आहार : वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूंच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनात टेनिस या खेळाने गेल्या काही वर्षांत लक्षणीय स्थान मिळविले आहे. पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २०१८ ते २०२३ या काळात एटीपी मालिकेतील स्पर्धा भरविण्यात आली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णा याच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले. या यशाचे पडसाद लहान जिल्ह्यांतही उमटतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला वाशिम जिल्हा हा प्रामुख्याने कृषिप्रधान आहे. येथे कुस्ती, कबड्डी व खो-खो हे खेळ रुजलेले असून टेनिसचा प्रसार तुलनेने मर्यादित आहे. तथापि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या निमित्ताने हाती रॅकेट घेणारा विद्यार्थी आज एका वेगळ्याच प्रश्नासमोर उभा असल्याचे दिसून येते. चांगले प्रशिक्षण मिळण्यापूर्वीच त्याच्यापर्यंत प्रोटीन पावडरचा डबा पोहोचलेला असतो.

हा डबा घ्यावा की न घ्यावा, याविषयी तो पालकांना विचारत नाही. क्वचित प्राध्यापकांना विचारतो. अशा वेळी ‘घेऊ नकोस’ किंवा ‘घे, काही होत नाही’ ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. प्रस्तुत लेखात टेनिस या खेळाची शारीरिक गरज, शक्तिप्रशिक्षणाचे कार्य, पूरक आहाराची उपयुक्तता व मर्यादा आणि त्यातील धोके यांचे क्रमाने विवेचन केले आहे.

टेनिस खेळाचे शारीरिक स्वरूप

टेनिसचा सामना एक तासापासून पाच तासांपर्यंत लांबू शकतो. मात्र एक गुण खेळण्यास बहुतेक वेळा दहा सेकंदांहून कमी काळ लागतो. दोन गुणांमध्ये २५ सेकंदांपर्यंत आणि बाजू बदलताना ९० सेकंदांपर्यंत विश्रांती मिळते. त्यामुळे एकूण सामन्याच्या काळापैकी प्रत्यक्ष खेळ मातीच्या मैदानावर साधारणपणे २० ते ३० टक्के, तर वेगवान कठीण मैदानावर १० ते १५ टक्केच असतो. याचा अर्थ असा की, टेनिसपटूला धावपटूसारखे संथ सातत्य नव्हे, तर अल्पकालीन स्फोटक हालचाल शेकडो वेळा पुन्हा पुन्हा करण्याची क्षमता आवश्यक असते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे फटक्यातील शक्तीचा उगम. सर्व्हिसचा वेग हा खांद्यातून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सर्व्हिसमधील निम्म्याहून अधिक ऊर्जा पाय, नितंब व धड यांतून निर्माण होते. ती क्रमाक्रमाने खांदा, कोपर व मनगट यांमार्गे रॅकेटपर्यंत पोहोचते. या साखळीतील एक कडी दुर्बल असल्यास पुढील कडीवर अतिरिक्त ताण पडतो. गुडघे न वाकविता केवळ हाताच्या जोरावर सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूचा खांदा आणि कोपर लवकर दुखावतात, ते याच कारणाने.

शक्तिप्रशिक्षणाचे महत्त्व

वजन उचलल्याने शरीर जड होते व हालचाल मंदावते, ही समजूत क्रीडाक्षेत्रात दीर्घकाळ होती. संशोधनाने ती खोडून काढली आहे. अमेरिकेतील विल्यम क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन महिला टेनिसपटूंवर नऊ महिने केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यायामाचा एकच संच करणाऱ्या गटाशी तुलना करता, टप्प्याटप्प्याने भार बदलत अनेक संच करणाऱ्या गटाच्या सर्व्हिसच्या वेगात स्पष्ट वाढ आढळून आली. यावरून शक्तिप्रशिक्षण उपयुक्त ठरते ते नियोजनामुळे, हे लक्षात येते.

हे नियोजन सामान्यतः तीन टप्प्यांत करता येते. स्पर्धा नसलेल्या काळात पहिले चार ते सहा आठवडे हलक्या भाराने १२ ते १५ आवर्तने करून सांधे व स्नायूबंध तयार करावेत. त्यानंतर भार वाढवून आवर्तने चार ते सहावर आणावीत. या टप्प्यात मूळ शक्ती वाढते. तिसऱ्या टप्प्यात हलका भार, पण कमाल वेग यांवर भर द्यावा. उड्या, तसेच कंबर फिरवून जड चेंडू फेकण्याचे व्यायाम येथे योग्य होत. प्रत्यक्ष स्पर्धेच्या काळात आठवड्यातून एक किंवा दोन दिवसांचे प्रशिक्षण कमावलेली शक्ती टिकविण्यास पुरेसे असते.

महागडी यंत्रे नाहीत म्हणून हे प्रशिक्षण अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. बैठका हा पायांच्या व नितंबांच्या शक्तीचा उत्तम पाया आहे. मुद्गल फिरविण्याने खांद्याचा सांधा सर्व दिशांनी काम करतो. मल्लखांब व दोर चढणे यांमुळे पकड आणि पाठीचे स्नायू बळकट होतात.

मात्र परंपरेचा उपयोग डोळसपणे करावा लागतो. जोर काढल्याने छाती व खांद्याचा पुढचा भाग बळकट होतो. टेनिसपटूचा नेमका हाच भाग सर्व्हिस व फोरहँडमुळे आधीच अधिक विकसित झालेला असतो. फटका मारून झाल्यावर वेगाने पुढे जाणारा हात थोपविण्याचे काम खांद्याच्या मागील लहान स्नायूंना करावे लागते. केवळ जोर वाढवीत गेल्यास पुढील व मागील स्नायूंमधील असमतोल वाढतो आणि दुखापतीला निमंत्रण मिळते. म्हणून ढकलण्याच्या व्यायामाइतकेच ओढण्याचे व्यायाम आणि रबरी पट्ट्याच्या साहाय्याने दंड बाहेरच्या बाजूस फिरविण्याचा व्यायाम नियमित करणे अगत्याचे आहे. पट्ट्याचा खर्च नगण्य असतो. त्याने टळणारी दुखापत मात्र एखाद्याचा संपूर्ण हंगाम वाचवू शकते.

शरीराची निगा राखल्यास खेळातील आयुष्य किती वाढते, याचे उदाहरण रोहन बोपण्णा याने घालून दिले आहे. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्यानंतर अय्यंगार योगपद्धतीचा आपणास लाभ झाल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. ज्या पद्धतीचे माहेरघर पुणे आहे, तिचा असा उपयोग व्हावा ही बाब उद्बोधक आहे.

आहार आधी, पूरक आहार नंतर

‘पूरक’ या शब्दातच त्याचा अर्थ सामावलेला आहे. मूळ आहार पुरेसा असूनही जी उणीव राहते, ती भरून काढणारा तो पूरक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीसाठी दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. नियमित शक्तिप्रशिक्षण करणाऱ्या खेळाडूची गरज साधारणपणे १.४ ते २ ग्रॅम मानली जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला किमान ८४ ग्रॅम प्रथिने हवीत.

ही गरज घरच्या अन्नातून कशी भागते, हे पाहण्यासारखे आहे. तीनशे ग्रॅम ज्वारी वा गव्हाच्या पिठातून सुमारे ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम तूरडाळीतून १६, अर्धा लिटर दुधातून १६, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून १० आणि ३० ग्रॅम सोयावडीतून १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज ९९ ग्रॅम होते. धान्य आणि डाळ एकत्र घेतल्याने एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. वाशिम जिल्हा सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणारा जिल्हा आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात. पण हे पीक मुख्यतः विक्रीसाठी घेतले जाते. शेतातून बाहेर गेलेली प्रथिने डब्यात बंद होऊन कितीतरी अधिक किमतीला त्याच घरात परत यावीत, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. येथे एक दक्षता आवश्यक आहे. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. म्हणून ते नीट शिजवून अथवा भाजूनच खावे.

पाण्याविषयीही हेच सांगता येईल. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उन्हात खेळताना तासाला एक लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम साखर, सुमारे दीड ग्रॅम मीठ व लिंबाचा रस घालून केलेले सरबत हे बाजारातील क्रीडापेयाचे काम उत्तम रीतीने करते. बाजू बदलताना त्याचे थोडे थोडे घोट घेणे हितावह असते.

पूरक पदार्थांविषयी पुरावा काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात कामगिरीवर प्रत्यक्ष परिणाम घडविणाऱ्या मोजक्याच पदार्थांचा निर्देश आहे : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन व सोडियम बायकार्बोनेट. बाजारातील शेकडो नावांच्या तुलनेत ही यादी फारच लहान आहे.

यातील क्रिएटिनबाबत टेनिसपुरता निष्कर्ष बोलका आहे. हा पदार्थ निषिद्ध नाही आणि अल्पकालीन जोरदार श्रमांत त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंमध्ये त्याचे प्रमाण मुळात कमी असल्याने त्यांना लाभ अधिक होऊ शकतो. परंतु बाबेट प्लुइम व सहकाऱ्यांनी स्पर्धात्मक टेनिसपटूंवर पाच आठवडे केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्व्हिसचा वेग, फटक्यांचा वेग वा धावण्याची गती यांत क्रिएटिनमुळे विशेष फरक आढळला नाही. कॅफिन लांबलेल्या सामन्यात सतर्कता टिकविण्यास साहाय्य करते. अतिरेक झाल्यास मात्र झोप बिघडते, हात कापतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. प्रोटीन पावडर ही तर केवळ अन्नाची सोयीस्कर आवृत्ती होय. आहारातून गरज भागत असल्यास तिच्यापासून वेगळी शक्ती मिळत नाही.

डब्यातील अदृश्य धोका

खरा धोका डब्यावर लिहिलेल्या पदार्थांपेक्षा न लिहिलेल्या पदार्थांचा आहे. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांची तपासणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९४ उत्पादनांमध्ये, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांमध्ये, वेष्टनावर न नोंदविलेली निषिद्ध स्टिरॉइड्स सापडली. भारतात मिळणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची असल्याचे आढळले.

याचे परिणाम जगातील अव्वल खेळाडूंनाही चुकलेले नाहीत. रुमानियाची सिमोना हालेप हिला २०२२ मधील चाचणीनंतर चार वर्षांच्या बंदीला सामोरे जावे लागले. दूषित पूरक पदार्थाचा तिचा खुलासा ग्राह्य धरून क्रीडा लवादाने २०२४ मध्ये ती बंदी नऊ महिन्यांवर आणली. तोवर तिची दीड वर्षे वाया गेली होती. पोलंडच्या इगा श्वियाँतेक हिला झोपेसाठीच्या दूषित गोळीमुळे २०२४ मध्ये एका महिन्याची बंदी पत्करावी लागली. महाराष्ट्राला तर २०१६ ची घटना विसरणे शक्य नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादव यांनी आपल्या अन्नपाण्यात घातपाताने निषिद्ध द्रव्य मिसळले गेल्याचा दावा केला होता. राष्ट्रीय संस्थेने त्यांना दोषमुक्त केले. तथापि क्रीडा लवादाने रिओ ऑलिंपिकमधील लढतीच्या तोंडावर त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

या नियमांचे मूळ तत्त्व असे की, खेळाडूच्या शरीरात जे आढळेल त्याची जबाबदारी त्याचीच असते. ‘मला ठाऊक नव्हते’ या उत्तराने दोष नाहीसा होत नाही. फार तर शिक्षा कमी होते. हालेपकडे वकील, तज्ज्ञ व प्रयोगशाळा होत्या. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील ३,८६५ नमुन्यांपैकी १२५, म्हणजे ३.२ टक्के, नमुने दोषी आढळले. त्याच वर्षी देशात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही संमत झाला.

महाविद्यालयांची भूमिका

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन स्तरावर पुढील उपाय योजता येतील. शारीरिक शिक्षण संचालकांनी प्रत्येक खेळाडूचा वार्षिक प्रशिक्षण आराखडा लेखी स्वरूपात तयार करावा. गृहअर्थशास्त्र व रसायनशास्त्र विभागांच्या साहाय्याने स्थानिक धान्यांवर आधारित आहारतक्ता द्यावा. खेळाडू घेत असलेली औषधे व पूरक पदार्थ यांची नोंदवही ठेवावी. एखादा पदार्थ घेणे आवश्यकच असल्यास वेष्टनावरील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा, पावती व उत्पादन-गट क्रमांक जपून ठेवावा आणि स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेल्या उत्पादनालाच प्राधान्य द्यावे. परवाना क्रमांक म्हणजे निषिद्ध द्रव्य नसल्याची हमी नव्हे, हेही विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावे. मूत्रपिंड, यकृत वा हृदयाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना काहीही घेऊ देऊ नये.

निष्कर्ष

टेनिसमधील कामगिरी सुधारण्याचा क्रम तंत्र, नियोजित शक्तिप्रशिक्षण, पुरेसा आहार, पाणी व झोप असा आहे. पूरक पदार्थांचे स्थान या सर्वांनंतरचे असून त्यांचा लाभ अल्प, तर संभाव्य हानी मोठी आहे. हा क्रम उलटा झाला म्हणजे पालकांचा पैसा खर्च होतो, खांदा दुखावतो आणि प्रसंगी खेळाडूच्या नावावर डाग लागतो. वाशिमसारख्या जिल्ह्यात बैठकांना जागा आहे, डाळ-सोयाबीन शेतात आहे आणि शिकण्याची इच्छाही आहे. उणीव आहे ती योग्य वेळी मिळणाऱ्या माहितीची. आणि ती पुरविणे हे प्राध्यापकांचेच काम आहे.