गाळाचे खत घेताय? आधी जमिनीतल्या जिवांचा विचार करा



पुण्याहून कोल्हापूरकडे येताना पंचगंगेच्या पुलाअगोदर शिरोलीची एमआयडीसी लागते. फौंड्र्यांच्या भट्ट्या आणि उसाची शेते इथे एकमेकांच्या शेजारी आहेत. नदीपलीकडे कसबा बावड्याला कोल्हापूर शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. त्याची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर. कुठेही असे पाणी शुद्ध केले की मागे काळा गाळ उरतो. त्याचे खत शेतात घालावे का?

जमिनीचे पाचक रस

आपले वाडवडील सोनखत वापरत, ते उगीच नव्हे. जमिनीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. त्यांच्यापासून विकरे, म्हणजे एक प्रकारचे पाचक रस तयार होतात. आपण टाकलेल्या युरियाचे अमोनिया करते ते युरिएज नावाचे विकर. सेंद्रिय पदार्थात अडकलेले स्फुरद मोकळे करते ते फॉस्फेटेज. डिहायड्रोजनेज किती आहे यावरून जमिनीची नाडी कळते. गाळाचे चांगले कुजलेले खत घातले की जंतूंना खाद्य मिळते आणि ही विकरे वाढतात.

कच्चा गाळ मात्र कधीच टाकू नका. त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. पाचट किंवा भुसा मिसळून ढीग लावावा. ढिगात ५५ अंशांवर उष्णता १५ दिवस टिकली आणि त्या काळात निदान ५ वेळा तो उलथवला, तर ती मरतात.

धातू कुजत नाहीत

खरा धोका पुढेच आहे. घरगुती सांडपाण्यात कारखान्याचे पाणी मिसळले, तर जस्त, कॅडमियम, निकेल, शिसे गाळात उतरतात. कुजल्यावर खताचे वजन घटते. धातू तेवढेच राहतात, म्हणून त्यांचे प्रमाण उलट वाढते.

इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात असा गाळ शेतात घातला गेला. गाळ बंद होऊन वीस वर्षे उलटल्यावर तपासणी झाली. शेणखत घातलेल्या जमिनीच्या मानाने जंतूंचा भार निम्माच होता. क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी होत्या, पण त्या नत्र धरत नव्हत्या! आपल्या सोयाबीन-भुईमुगाचे नत्रही अशाच गाठींतून येते.

ट्रॉली बांधावर येण्याआधी

१. तपासणीचा दाखला मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टात किलोमागे कॅडमियम ५, निकेल ५०, शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

२. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा गाळ कायद्याने घातक कचरा ठरतो. फुकट मिळाला तरी नको.

३. मुळा, काकडी, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या मालाला हे खत नको.

४. एका कुंडीत तुमची माती, दुसरीत माती आणि खत घेऊन मूग पेरा. महिन्याभराने मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर ती कामाची. पांढरी किंवा हिरवट असेल तर सावध व्हा. ही खूण दाखल्याला पर्याय नव्हे, जोड आहे.

रोगजंतू उष्णतेने मरतात, वास चार दिवसांत जातो. धातू मात्र एकदा मातीत गेले की तुमच्या नातवंडांच्या वाट्याला येतात. म्हणून खत फुकट असले, तरी दाखल्याशिवाय घेऊ नका.