मिठाचे पाणी म्हणजे समुद्र नव्हे

घरात समुद्री मासे पाळण्याची हौस आता समुद्रकाठच्या शहरांपुरती राहिलेली नाही. काचेची टाकी, पंप, दिवे यांची चौकशी लोक बारकाईने करतात. ज्या पाण्यात त्या जिवाला जगायचे आहे, त्याविषयीची समजूत मात्र बहुधा एका वाक्यात आटोपते : नळाचे पाणी घ्यायचे आणि त्यात मीठ घालायचे. या वाक्यातले पाणीही चुकीचे आहे आणि मीठही. त्याची किंमत मासा मोजतो, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला.

आधी मीठ. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या सागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यांपैकी ७७ नमुने तपासून १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुल्या समुद्रात क्षार कमी-जास्त असतील, पण मुख्य क्षारांचे आपसांतले प्रमाण जवळजवळ कायम असते, हे त्यातून पक्के झाले. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत साधारण ५५ टक्के क्लोराइड, ३१ टक्के सोडियम, ८ टक्के सल्फेट, ४ टक्के मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास. स्वयंपाकघरातले मीठ यांतल्या पहिल्या दोघांचीच जोडी आहे.

बाकीचे क्षार कुठे जातात, हे आपल्या उरण-वसईकडची मिठागरे सांगतात. भरतीचे पाणी वाफ्यावाफ्यातून पुढे सरकत उन्हात आटते. सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, मग जिप्सम. पाणी मुळाच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आले की मीठ धरू लागते. मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहते. म्हणजे मिठागर हे समुद्राची वाटणी करणारे यंत्रच म्हणायचे. आपल्या घरी येतो तो एक वाटा. त्यातून सगळा समुद्र परत उभा करता येत नाही.

हे दीडशे वर्षांपूर्वीच्या हौशी अभ्यासकांनाही कळले होते. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ च्या सुमारास लंडनमध्ये कृत्रिम समुद्रजल केले, तेव्हा साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड घेतले. आज मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मिश्रण ही त्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती आहे.

आता पाणी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना घातक, तर जुन्या पितळी नळातून उतरणारे तांबे कोळंबी, गोगलगायींसारख्या जिवांना अत्यल्प प्रमाणातही मारक. बोअरवेलच्या पाण्यात आधीच विरघळलेले क्षार मिश्रणाचे प्रमाण बिघडवतात. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणीतून आलेले, टीडीएस शून्याजवळचे पाणी घ्यावे. घरातल्या पिण्याच्या आरओवर विसंबू नये. चवीसाठी अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. गाळणीतून बाहेर टाकले जाणारे पाणी लादी पुसायला वापरावे. आपल्याकडे ते ओतून देणे परवडणारे नाही.

आता हिशेब. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ १८२ लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता दीडशे लिटर धरू. तयार मिश्रण लिटरला साधारण ३६ ते ३९ ग्रॅम लागते, म्हणजे साडेपाच ते सहा किलो. नेमका आकडा पाकिटावर पाहावा.

खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या पिंपात आधी पाणी घ्यावे, पंप सुरू करावा, तापमान २५ अंशांच्या आसपास आणावे आणि मग मीठ थोडे थोडे सोडावे. मिठावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास क्षणभर तीव्र द्रावण तयार होते आणि मिठागरात जे पहिल्यांदा घडते तेच पिंपात घडते : कॅल्शियम कार्बोनेट पांढरे होऊन खाली बसते. ते सहजी परत विरघळत नाही, आणि पाण्याचा सामू टिकवणारी ताकदही त्याच्याबरोबर जाते. पाणी नितळ झाल्यावरही पंप एक दिवस चालू ठेवावा, म्हणजे हवेशी त्याचा मेळ बसतो. मग क्षारता मोजावी. दरहजारी ३५, किंवा २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, हे लक्ष्य. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने आधी जुळवून घ्यावा. पहिल्या वेळी हे सारे रिकाम्या टाकीतच केले तरी चालते. आत जीव आल्यावर मात्र कधीच नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी? समुद्री माशाचे रक्त समुद्राच्या जेमतेम एक-तृतीयांश खारट असते. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. क्षारता एकाएकी बदलली की हा जमाखर्च कोलमडतो. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून घट भरून काढायची ती शुद्ध गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे.

पाणी तयार झाले म्हणजे टाकी तयार झाली असेही नाही. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडावाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासा आणू नये. आणि हौसेलाही कायद्याची मर्यादा आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत; आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ घरात ठेवणे गुन्हा ठरतो.

माझ्या मते दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘मासा केवढ्याला?’ हा नसावा. तो मासा समुद्रातून धरलेला की पैदास केलेला, आणि सध्या किती क्षारतेच्या पाण्यात आहे, हे आधी विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून मासा घेऊ नये.