यंत्राकडून मींड काढणारा वादक

आमच्या यवतमाळात भजन असो की गणेशोत्सवातला गाण्याचा कार्यक्रम, पेटीवाचून कुणाचे पान हलत नाही. पण हीच पेटी एके काळी आकाशवाणीने वाळीत टाकली होती! परदेशी वाद्य, सूर पट्ट्यांत कोंडलेले, मींड मुळीच निघत नाही, अशी तक्रार. १९४० साली घातलेली बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. नवे वाद्य दिसले की नाक मुरडायचे, हा आपला जुनाच रिवाज. मुंबईच्या चरणजित सिंगांना त्याचाच फटका बसला असावा, असे मला वाटते.

चरणजित हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले गिटारवादक. गाणे घरोघर पोहोचे. वादकाचे नाव मात्र कुणाला ठाऊक नसे. त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीचे एक चिमुकले यंत्र आणले, टीबी-३०३. साथीला बास गिटारवाला नसला तर त्याचे काम या यंत्राने करावे, अशी मूळ कल्पना. म्हणजे स्वतः बास गिटार वाजवणाऱ्या चरणजितांच्या पोटावरच पाय! त्यांनी मात्र त्याच्याशी वैर धरले नाही.

या यंत्रात एक खुबी होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर ते अलगद घसरत जाई. पेटीला न साधलेली गोष्ट या विजेच्या डबीला साधत होती. हवा होता तो राग ओळखणारा कान. ताल धरायला टीआर-८०८ आणि सूर वाजवायला ज्युपिटर-८ ही आणखी दोन यंत्रे घेऊन चरणजितांनी यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. १९८२ साली एच.एम.व्ही.ने ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही.

पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी याच टीबी-३०३वर रचलेली ध्वनिमुद्रिका निघाली आणि ‘ॲसिड हाउस’ म्हणून त्या नृत्यसंगीताचा जगभर गाजावाजा झाला. २०१० साली चरणजितांची ध्वनिमुद्रिका हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हे मुंबईत पाच वर्षे आधीच घडले होते! सत्तरी गाठलेल्या चरणजितांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

तेव्हा वाचकहो, तुमचा मुलगा संगणकावर सूर जुळवत बसला असेल, तर ‘हे कसले गाणे?’ म्हणण्यापूर्वी त्याला यमन येतो का, ते विचारा. येत नसेल तर त्याला आधी गाण्याच्या शिकवणीला घाला; संगणक मात्र काढून घेऊ नका.